पाणिपात्र

विश्रामबाग, सांगली
१४ जुलै २०२५

परमपूज्य मुनिश्री धृतिनंदी महाराजांच्या चरणी त्रिशला रामगोंडा मगदूम हिचा नमोस्तु.

जिनेंद्र भैया, पत्र तुम्हीच उघडणार आणि महाराजांना वाचून दाखवणार, म्हणून आधी तुमच्याशी बोलते. मी महाराजांची दीक्षेआधीची थोरली बहीण. नऊ वर्षांत एकदाही दर्शनाला आले नाही. त्याचं कारण महाराजांना ठाऊक आहे, तुम्हाला कळायची गरज नाही. आज लिहिते आहे ते फक्त प्रकृतीपुरतं.

यंदा संघाचा चातुर्मास वडूजला आहे. तिथं ज्या घरी महाराजांच्या आहारासाठी सोवळ्यातल्या स्वयंपाकाचा चौका लागतो, त्या घरची सून रूपाली इथं सांगलीत माझ्या हाताखाली शिकली. काल तिचा फोन आला. “मॅडम, म्हाराजांचं लय अवघड झालंय. सारखा अंतराय येतोय. केस न्हाई, मुंगी न्हाई, कायबी न्हाई. हातातनं घासच पडतोय. ओंजळ आपली आपणच सुटतीया.”

मुनी उभ्यानं, स्वतःच्या ओंजळीत, दिवसातून एकदाच जेवतात. घासात केस, मुंगी निघाली किंवा घास खाली पडला की अंतराय, जेवण तिथंच संपलं. मग पाणीसुद्धा दुसऱ्या दिवशी. हा नियम मी लहानपणापासून बघत आले आहे आणि तो मोडा असं मी म्हणणार नाही. ओंजळ का सुटते, एवढंच मला विचारायचं आहे.

महाराज, आप्पांचे हात आठवतात का? माधवनगरच्या दुकानात आप्पा डोळे मिटून कापड चिमटीत धरायचे आणि कुठल्या मागावरचं ते सांगायचे. मग एका वर्षी पॉपलीन आणि मांजरपाट यातला फरक बोटांना कळेना झाला. कात्रीनं बोट कापलं तरी कापडावर रक्त दिसेपर्यंत पत्ता नसायचा. चप्पल वाटेत गळून पडायची आणि ते तसेच चालत घरी यायचे. सगळे म्हणाले, साखर आहे. साखर कधीच निघाली नाही. मग पाय गेले, मग खाल्लेलं अंगी लागेना, मग हृदय. शेवटी शेवटी त्यांना उचलून न्हाणीत न्यायला मी एकटी पुरायचे, इतके हलके झाले होते.

त्या आजाराचं नाव मला आता कळलं आहे. आपल्या रक्तात एक प्रथिन असतं, चार तुकडे एकमेकांना धरून बनलेलं. काही घराण्यांत त्याची बांधणी जन्मतःच कच्ची असते. तुकडे सुटतात आणि नसांवर, हृदयावर गाळासारखे बसत जातात. आईबापांपैकी एकाला असलं की प्रत्येक लेकराला ते येण्याची शक्यता निम्मी. हे मला दोन वर्षांपूर्वी एका पेशंटच्या तपासणीवरून कळलं.

म्हणून विचारते. चालताना खडे टोचतात का? कमंडलूचा दांडा बोटांना गार लागतो का? भैयांनी दोन ओळींत कळवलं तरी पुरे.

श्राविका त्रिशला


विश्रामबाग, सांगली
३ ऑगस्ट २०२५

महाराजांच्या चरणी नमोस्तु.

भैया, तुमचं कार्ड मिळालं. “शरीर आपलं काम करतं आहे. खडे टोचत नाहीत, ही सोयच झाली. बाईंनी चिंता करू नये.”

बाई. असो. पाच वर्षांचा असताना आई गेली तेव्हापासून ज्याला मी न्हाऊ घातलं, त्याला मी आता बाईच. नियमाप्रमाणे बरोबर आहे. मीही आपणच म्हणते आहे, बघा.

खडे टोचत नाहीत, हे मात्र मी पुन्हा पुन्हा वाचलं.

मी काय करते हे महाराजांना माहीत नसेल. दीक्षा झाली तेव्हा मी कॉलेजात नुसती शिकवत होते. आता अश्लेषा मॅडमच्या प्रयोगशाळेत काम करते. काचेच्या तुकड्यावर आम्ही सोन्याचा थर चढवतो. इतका पातळ, की उजेडाकडे धरला तर पलीकडचं हिरवं दिसतं. त्या थरात ओळीनं भोकं पाडलेली असतात. ती डोळ्यांना दिसत नाहीत, साध्या सूक्ष्मदर्शकालाही धड दिसत नाहीत. त्यातून उजेड सोडला की एक ठरावीक रंगच जास्त पार जातो. सोन्यावर काहीही येऊन बसलं, अगदी एखादा रेणूही, तरी तो रंग केसभर सरकतो. कॉम्प्युटर त्याची रेघ काढतो. बसलं की रेघ चढते, सुटलं की उतरते. कुणाला काही चिकटवून खूण करायची गरज नाही, रंग टाकायची गरज नाही. कोण कुणाला धरतं आणि किती वेळ धरून ठेवतं, ते नुसतं बघत बसायचं.

मी त्या सोन्यावर पेशंटच्या रक्तातलं ते प्रथिन बसवते आणि त्यावरून औषध सोडते. ते चार तुकडे सुटू नयेत म्हणून मधल्या फटीत पाचरीसारखी बसणारी एक गोळी आहे. परदेशात बऱ्याच पेशंटांचा आजार तिनं थांबवलाय. गेलेलं परत येत नाही, पण पुढचं जात नाही. म्हणून ती लवकर सुरू करावी लागते.

मला महाराजांचं थोडंसं रक्त हवं आहे. एक नळी. माणूस मी पाठवीन. आहाराच्या वेळेआधी घेता येईल, कुठलाही नियम आड येणार नाही. मी इथल्या पंडितजींना विचारून घेतलं आहे.

रूपाली म्हणते, छातीच्या फासळ्या मोजता येतात. ती फोनवर रडत होती. मी रडले नाही. मी तिला विचारलं, घास पडतो तेव्हा कुठला हात आधी सैल पडतो?

त्रिशला


विश्रामबाग, सांगली
२ सप्टेंबर २०२५

नमोस्तु.

वडूजहून परत आल्यावर दोन दिवस कामावर गेले नाही. जे झालं ते महाराजांना अर्धंच माहीत आहे. उरलेलं सांगितलं नाही तर दशलक्षण पर्वात मी कुठल्या तोंडानं मंदिरात जाऊ?

आहारदान करायला मिळावं म्हणून मी आठ दिवस सगळे नियम पाळले. त्या दिवशी सकाळी रूपालीच्या घरी ओलेत्यानं पाणी भरलं, मुगाचं कढण केलं. महाराज दारात आले तेव्हा मी ओळीत शेवटी उभी होते. आपण माझ्याकडे पाहिलं आणि नजर पुढं गेली. मला वाटलं होतं तुम्ही ओळखणार नाही. ओळखून पुढं गेलात, ते जास्त लागलं.

आता ऐका. माझ्या कंबरेला कागदाची पुडी होती. कॅप्सूलचं आवरण प्राणिज असतं, ते चालणार नाही म्हणून ती फोडून आतली पूड मी घरूनच काढून आणली होती. ती मी कढणात मिसळली. रूपालीनं पाहिलं.

“मॅडम, काय ह्ये?”

“औषध.”

“म्हाराजांना ठाव हाय?”

मी रिकामी पुडी परत कंबरेला खोचली. ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “तुमच्या हातानं द्या. पर शुद्धी तुमीच बोला. माझ्या तोंडातनं न्हाई निघायची.”

घास देण्याआधी देणाऱ्यानं म्हणायचं असतं: मन शुद्ध, वचन शुद्ध, काया शुद्ध, आहार-जल शुद्ध. चार शब्द. मी वाटी घेऊन महाराजांसमोर उभी राहिले. मन शुद्ध, इथपर्यंतही जाता आलं नाही. जीभच वळली नाही. सगळे बघत होते. भैया, तुम्हाला वाटलं मला भरून आलं. तुम्ही म्हणालात, “ताईंना बसू द्या.” मी वाटी मोरीत ओतली.

मग रूपालीनं भाताचे घास दिले. ओंजळीवर माझी नजर होती. उजव्या हाताची करंगळी आधी बाजूला गेली, मग तिच्याशेजारचं बोट. आपल्याला कळलंही नाही. घास पायाशी पडला तेव्हा आपण खाली बघितलं, जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता. आणि हात सोडून खाली बसलात. जेवण संपलं.

मला खोटं बोलता आलं असतं तर निदान पोटात एक दिवसाचं औषध गेलं असतं. एका दिवसानं काही होत नाही, हे मला माहीत आहे. तरी.

दुपारी आचार्यश्रींनी भेटीची परवानगी दिली. ते स्वतः बसले होते, भैया होते. मी गोळीचं सगळं सांगितलं. आचार्यश्री म्हणाले, “शुद्ध असेल, आहारात घेता येत असेल, तर आमची ना नाही. तपाला शरीर लागतंच.” माझा तर विश्वासच बसेना. इतकं सोपं होतं! चोरून आणण्याची काही गरजच नव्हती.

मी विचारलं, “मग महाराज घेतील?”

आपण म्हणालात, “आपला डावा अंगठा भाजला आहे.”

“तवा लागला.”

“लागला तेव्हा कळलं नाही?”

मी हात पदराखाली घेतला.

“आप्पांनाही कळायचं नाही,” आपण म्हणालात.

नऊ वर्षांत आपल्या तोंडून आप्पा हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. भैया तिथं होते म्हणून मी पुढं बोलले नाही. आता भैयाच हे वाचणार आहेत, मग लपवून काय उपयोग? दोन वर्षांपूर्वीची ती पेशंट मीच. सोन्यावर बसवते ते प्रथिन माझ्याच रक्तातलं आहे. तळपाय गेले आहेत. बोटांची टोकं जाताहेत. थेंब मोजायची पिपेट पकडताना मी आता बोटांकडे बघते, नाहीतर ती धरली आहे की नाही ते समजत नाही.

निघताना आपण म्हणालात, “औषधाचं खरं काय ते कळवा. चांगलं असलं तर चांगलं, वाईट असलं तर वाईट. बहीण म्हणून लिहू नका.”

बरं. तसंच लिहीन.

त्रिशला


विश्रामबाग, सांगली
१२ सप्टेंबर २०२५

नमोस्तु.

क्षमावाणीला मंदिरात सगळ्यांची क्षमा मागितली. तुमची मागायची राहिली ती इथं मागते. कशासाठी, ते खाली आहे.

खरं लिहा म्हणालात. गोळी आपल्या घरच्या प्रथिनावर टिकत नाही.

तुमचं रक्त आलं नाही, म्हणून माझ्याच रक्तावर बघितलं; घरचा बिघाड एकच. गोळी आधी बसते. रेघ चढते, छान चढते. त्या क्षणी दरवेळी मला वाटतं, झालं. मग वरून नुसतं खारं पाणी सोडायचं, आजूबाजूचं धुऊन जावं म्हणून. ज्याला औषध लागू पडतं त्याची रेघ तिथंच राहते. माझी लगेच उतरते. पाणी सोडायला घेतलं की उतरतेच. चिप बदलून पाहिली. सोन्याचा नवा थर चढवला. गोळीचं पाणी दाट केलं, पातळ केलं. दुसऱ्या कंपनीची गोळी आणली. अश्लेषा मॅडमनी स्वतः बसून केलं. त्यांचीही उतरली. आपल्या घरात जो बिघाड आहे तो नेमका त्या फटीतच आहे, जिथं गोळी पाचरीसारखी बसायला हवी. पाचर मारायची तीच जागा ढिली.

मॅडम म्हणाल्या, “त्रिशला, इतक्यात कुणाला काही लिहू नकोस. काचेवरचं आणि अंगातलं एकच नसतं.”

मी म्हटलं, “मॅडम, मला खरं विचारलंय.”

दुसरी औषधं निघताहेत, रक्तात ते प्रथिन तयारच होऊ न देणारी. ती इथपर्यंत येतील तेव्हा येतील. तुमचे हात आत्ताच सुटताहेत. आप्पांचे हात गेल्यावर ते आणखी किती जगले ते आपल्या दोघांनाही माहीत आहे. म्हणून आज तरी आपल्या घराला औषध नाही. हेच खरं आहे. बहीण म्हणून लिहिलेलं नाही.

एकच विनंती. रसत्याग थोडा कमी करता येईल का? रूपाली सांगते, दूध, दही, तूप सोडून पाच वर्षं झाली. घास पडण्याआधी जे काही पोटात जाईल ते तरी सकस जाऊ दे.

त्रिशला


विश्रामबाग, सांगली
४ ऑक्टोबर २०२५

पारस,

नमोस्तु लिहीत नाही. माझ्यानं होत नाही. भैया, हे वाचून दाखवा नाहीतर फाडून टाका.

दसऱ्याच्या दिवशी भैयांचा फोन आला. महाराजांनी सल्लेखना घेतली. घास धरता येत नाही, म्हणजे मुनीला नियमानं जगता येत नाही. नियम मोडून जगण्यापेक्षा आहार सोडणं बरं. आचार्यश्रींनी तीनदा परत विचारलं. तिन्ही वेळा तेच उत्तर. मुदत घालून घ्या म्हणाले, तर नाही, यावज्जीव. भैया सांगत होते आणि मागं लाउडस्पीकरवर कुणीतरी जयजयकार करत होतं.

मी विचारलं, “कारण काय सांगितलं?”

भैया म्हणाले, “म्हणाले, औषध नाही असं प्रयोगानं सिद्ध झालंय. आता संशय उरला नाही.”

माझ्या पत्रावर तू मरायला निघालास?

तू चौतीस वर्षांचा आहेस. म्हातारे लोक घेतात ते व्रत. आप्पा न्हाणीत बसून म्हणायचे, मला अजून दोन वर्सं दे रं देवा, पोराचं बघायचंय. तुला ते ऐकू येत होतं. आप्पा गेल्यावर महिन्याभरात तू निघून गेलास. मी दीक्षेला आले नाही, कारण केशलोचात हातानं केस उपटले जाताना तुझं डोकं बघणं मला जमलं नसतं. त्या डोक्याला मी तेल लावलंय. बास, सांगितलं एकदाचं कारण.

भैया फोन ठेवताना म्हणाले, “ताई, महाराजांचा एक निरोप आहे. बाईंना रक्त हवं होतं, ते घ्यावं. मला उपयोग नाही, त्यांच्या कामाला होईल.”

मी नको म्हणणार होते. मग वाटलं, तुझं काहीतरी माझ्याकडे येऊ दे. काल साताऱ्याच्या लॅबमधला माणूस वडूजला गेला, रक्त घेऊन आला. साताऱ्याच्या स्टँडवर त्यानं बर्फाचा डबा माझ्या हातात दिला. “ताई, शीर लय मुश्किलीनं घावली,” म्हणाला. एसटीत डबा मांडीवर ठेवून बसले. गार लागत नव्हता. म्हणून दर थोड्या वेळानं उघडून बर्फ आहे ना ते बघत होते.

कशाला दिलंस? मला आधीच माहीत आहे त्यात काय निघणार.

त्रिशला


प्रयोगशाळा, विश्रामबाग
१४ ऑक्टोबर २०२५

पारस,

हे टाकत नाही, हातात घेऊनच येते आहे. गाडीला वेळ आहे, म्हणून लिहिते.

काल तुझं प्रथिन सोन्यावर बसवलं. गोळी सोडली. रेघ चढली. मला त्याचं काही वाटलं नाही, माझीही चढते. मग खारं पाणी सोडलं आणि मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले. तेच ते परत बघवत नव्हतं.

मॅडम म्हणाल्या, “अगं, बघ की.”

रेघ उतरली नव्हती. आहे तिथंच होती. मी वाट बघितली. पाणी वाढवलं. रेघ हलेना. मी खुर्चीत बसले आणि जोरात हसले. धरलं होतं! तुझ्या रक्तात गोळी टिकत होती. मला वाटलं, त्याला लागू पडणार, त्याला वाचवता येईल. माझ्यात नसलं तरी त्याच्यात आहे. मी मॅडमना मिठी मारली.

मॅडम हसत नव्हत्या. त्यांनी दुसरी रेघ काढून शेजारी ठेवली, निरोगी माणसाच्या रक्ताची, आम्ही ताडून बघायला ठेवतो ती. दोन्ही एकावर एक बसल्या.

“त्रिशला,” त्या म्हणाल्या, “ह्याला तुझा आजार नाहीये.”

मी म्हटलं, “असं कसं? त्याचे हात...”

आज दुपारी पुण्याहून जनुकाचा रिपोर्टही आला. तुझ्यात आप्पांचं काही नाही. तू सुटला होतास. जन्मापासूनच सुटला होतास.

मग हात का गेले? उरलेलं रक्त मी इथल्या साध्या लॅबमध्ये दिलं, गल्लीच्या तोंडाशी आहे त्या. तासाभरात त्या मुलीनं कागद दिला आणि विचारलं, “हे पेशंट शुद्धीवर आहेत का?” बी-बारा जीवनसत्त्व जवळजवळ शून्य. दूध, दही सोडून पाच वर्षं. त्यानं नसा सुकतात, बोटं बधिर होतात, हात सुटतात. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, इंजेक्शनं द्या, काही महिन्यांत घास धरायला लागतील. कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात ती. माझ्या पिशवीत आहेत.

मी पहिल्या दिवसापासून आप्पांचे हात बघत होते. तुझे बघितलेच नाहीत.

पाणी सोडू नकोस. मी येते आहे.


विश्रामबाग, सांगली
२६ ऑक्टोबर २०२५

पारस,

आता हे कुणी वाचून दाखवणार नाही.

वडूजला लोक माझ्या पाया पडत होते. ज्यांच्या घरात अशी समाधी झाली ते घर धन्य, म्हणाले. लांबलांबून गाड्या आल्या होत्या. एका बाईनं माझा हात धरून सांगितलं, “तुमी लय भाग्यवान.” तिनं किती घट्ट धरला होता, मला कळलं नाही. मी मान हलवली. कुणावर रागवावं असं तिथं कुणी नव्हतं. सगळे चांगले वागले. रूपालीनं मला भात भरवायचा प्रयत्न केला. भैया दिवसभर पाणी प्यायले नाहीत.

इंजेक्शनं परत आणली. दुकानदाराला परत द्यायचा धीर झाला नाही. डॉक्टरांनी जे सांगितलं ते तिथं आचार्यश्री आणि भैया सोडून मी कुणालाच सांगितलेलं नाही. आचार्यश्रींनी रिपोर्टचा कागद हातात घेऊन वाचला. मग म्हणाले, “ह्याचा भार एकट्या बहिणीनं घेऊ नये. आम्हीही समोर होतो.” ते मोठे आहेत म्हणून असं म्हणाले. पत्र मात्र माझंच होतं. संशय उरला नाही, असं तू म्हणालास ते माझ्या अक्षरावर विसंबून. शिकले नसते, नुसती रडत आले असते, तर तू कदाचित थांबला असतास.

मॅडम म्हणतात, सुट्टी घे. मी कामावर जाते. सोन्याच्या चिपा धुऊन ठेवते. माझं प्रथिन बसवत नाही. काय निघतं ते माहीत आहे.

त्या दिवशी मी पोचले तेव्हा तू आदल्या दिवशीच पाणीही सोडलं होतंस. दारात भैयांनी अडवलं. “ताई, आता त्यांच्या कानावर णमोकाराशिवाय काही जाऊ द्यायचं नाही. मन हललं तर समाधी बिघडते.” मी कागद पुढं केला. तो वाचून ते आत गेले आणि आचार्यश्रींना घेऊन आले. मी विचारलं, सांगू का? सांगितलं नाही तर तो शांत जाईल. सांगितलं तर कदाचित उठेल, आणि कदाचित नुसताच तळमळत जाईल.

आचार्यश्री म्हणाले, “प्रतिज्ञा त्यांची आहे, निर्णयही त्यांचाच. खरं ऐकायला आमच्यात बंदी नाही. आत जा.”

तू फळीवर कुशीला होतास. मी खाली बसले. चार हात अंतर राखायचं असतं ते राखलं. आपण, महाराज, सगळं विसरले. म्हटलं, “पारस, माझं चुकलं. तुला आप्पांचा आजार न्हाई. रक्तात काय सुदिक न्हाई. नुसतं एक जीवनसत्त्व कमी पडलंय. इंजेक्शन दिलं की हात येतील. पाणी पी. उठ.”

तू डोळे उघडले. तुझ्यापर्यंत पोचलं की नाही ते समजेना, म्हणून मी परत सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायला लागले तेव्हा तू बोटानं थांब म्हणालास. कळलं होतं. मी तुझ्या तोंडाकडे बघत होते, राग येतोय का, भीती वाटतेय का, जगायचंय का. माझ्यावर ओरडला असतास तर बरं झालं असतं. आता नाही, असं काहीतरी तू पुटपुटलास. प्रतिज्ञेबद्दल होतं ते.

मग तू डोळे मिटलेस. बाहेर बायका म्हणत होत्या, णमो अरिहंताणं. मला वाटलं तू झोपलास. मी उठायला लागले, तर तुझे ओठ हलले. मी चार हातांचं अंतर सोडून कान जवळ नेला. नऊ वर्षं तू शुद्ध बोलत होतास, प्रवचनातलं. ते नव्हतं. माधवनगरच्या घरातलं होतं.

“म्हंजे,” तू म्हणालास, “तुला एकटीलाच हाय व्हय, आक्का?”

मी म्हटलं, “व्हय.”

तुझी
आक्का